तीन बोल्ट उरले, एक फट पडली

पत्र:

ताई, माझी मोटरसायकल आठ वर्षांची, पूर्ण फेअरिंगवाली, म्हणजे पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकच्या पॅनल्सनी झाकलेली. रेडिएटरच्या पात्यांत माती आणि किडे भरले होते, म्हणून सुट्टीच्या दिवशी घरीच फेअरिंग उतरवली. काढताना टाकीजवळ पॅनलचा एक कान, म्हणजे पकडीसाठी बाहेर आलेला तुकडा, कडकन तुटला. साफसफाई झाली, सगळं परत बसवलं, तर हातात तीन बोल्ट आणि धातूचं एक छोटं नळीसारखं काहीतरी उरलं. उजवीकडे पुढचं तोंड आणि साइड पॅनल यांच्यात करंगळी जाईल एवढी फट आहे. उजवा इंडिकेटर भराभर मिचकावतो. पाच हजार आरपीएमच्या आसपास कुठूनतरी झर्रर्र आवाज येतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की शेवटी जरा अडल्यासारखं वाटतं, पण ते किरकोळ आहे. वडील म्हणतात, आता तरी मेकॅनिककडे टाक. मित्र म्हणतो, बोल्टांना थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) लाव आणि फट सिलिकॉनने भरून टाक. मला वाटतं, फेअरिंग काढूनच चालवावी. काय करू?
— तीन बोल्टांचा मालक

उत्तर:

मालक, हँडलची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत आणि वर ‘किरकोळ’ म्हणालात. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे. हँडल मोकळं होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, कोपऱ्यापर्यंतसुद्धा नको. सरळ रस्त्यावर हँडल जेमतेम चार-पाच अंश हलतं, त्यामुळे चूक कळतच नाही. ती कळते हळू वेगात यू-टर्न घेताना किंवा गाडी लावताना. हँडल शेवटपर्यंत जावं लागतं, ते मध्येच अडतं आणि गाडी आडवी होते.

बहुतेक वेळा अडणारी वस्तू तीनपैकी एक असते: आपल्या पकडीतून निसटलेला वायरिंगचा जुडगा, चुकीच्या बाजूने गेलेली केबल, नाहीतर खाचेत न बसलेलं आतलं काळं पॅनल. इंजिन बंद ठेवा, एकाला टॉर्च धरायला सांगा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. काय ताणलं जातंय, काय दाबलं जातंय ते डोळ्यांनी दिसेल. ब्रेकच्या होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, खास नजर ठेवा. तो कुठेही ताठ होता कामा नये आणि टायरला तर मुळीच लागता कामा नये. मग हँडल डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तिन्ही जागी थ्रॉटल पिळून सोडा. तो प्रत्येक वेळी आपणहून झटकन मागे आला पाहिजे. शेवटी गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये चालू करा आणि आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न पिळता, हँडल फिरवा. वळवताना आरपीएम चढला तर थ्रॉटलची केबल ओढली जातेय, म्हणजेच ती चुकीच्या वाटेने गेली आहे.

आता बाकीच्या तक्रारी. फट, उरलेले बोल्ट, झर्रर्र आवाज अशी तीन दुखणी तुम्ही वेगवेगळी मोजलीत. मला ती एकाच सवयीची वाटतात. तुम्ही एक पॅनल लावलंत, त्याचे बोल्ट घट्ट आवळलेत, मग पुढचं घेतलंत. बरोबर ना? कपाट जोडताना हे चालतं. फेअरिंगला चालत नाही, कारण तिचं एकही पॅनल एकट्याने उभं नसतं. एक तोंडाला अडकतं, तोंड मीटरमागच्या लोखंडी सांगाड्याला, खालचं पोट डाव्या-उजव्या दोघांना. बहुतेक भोकं बोल्टपेक्षा जरा मोठी किंवा लंबगोल ठेवलेली असतात, कारण प्लास्टिक तापतं, फुगतं, आकसतं. पहिला बोल्ट आवळला की त्या भोकातली सगळी सैल जागा एकाच बाजूला सरकते. दुसऱ्यात अजून थोडी सरकते. शेवटच्या भोकापाशी पोचेपर्यंत भोक एकीकडे आणि आटे दुसरीकडे. मग माणूस एकतर पॅनल ओढून बोल्ट तिरका घुसवतो, नाहीतर ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून तो खिशात टाकतो. तुम्ही खिशात टाकलेत. तेच बरं केलंत. तिरके घुसवले असते तर आटे गेले असते.

थोडक्यात, फेअरिंग पुन्हा उतरवावी लागेल. हे वाचून कपाळाला हात लावला असेल, कळतंय मला. पण दुसऱ्यांदा निम्म्याहून कमी वेळ लागतो.

इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. गाडी स्टँडवर घट्ट उभी करा. साइड स्टँड असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका आणि पुढच्या ब्रेकची मूठ रबरबँडने बांधून ठेवा. जमिनीवर जुनी चादर पसरा. रंग लागलेली पॅनल्स तिच्यावर ठेवायची, रंगाची बाजू वर. थंडीचे दिवस असतील तर काम उन्हात करा किंवा कानांवरून हेअर ड्रायर फिरवा. गार प्लास्टिक वाकत नाही, तडकतं.

पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा घ्या. त्यावर गाडीची उजवी बाजू ढोबळ काढा, पुठ्ठ्याच्या मागे डावी. चित्रकला चांगली नसली तरी चालेल, माझ्या पुठ्ठ्यावरची गाडी तर म्हशीसारखी दिसते. प्रत्येक बोल्ट काढला की चित्रात त्याच जागी भोक पाडून खोचायचा, सोबतचा वॉशर आणि बुश (धातूची छोटी नळी) यांच्यासकट. वाटीत जमवलेले बोल्ट सगळे भावंडांसारखे दिसतात, पण त्यांची लांबी वेगळी असते. आखूड बोल्ट लांबाच्या जागी लावला तर दोन आट्यांवर लटकतो आणि पडतो. लांब बोल्ट आखडाच्या जागी लावला तर मागे जे असेल त्याला भोसकतो. तिथे रेडिएटरची पाती असू शकतात, वायरिंगही असू शकतं. मोबाइलने फोटो काढाच, पण फोटोत बोल्टची लांबी दिसत नाही. ती पुठ्ठ्यावर दिसते.

उतरवायचा क्रम गाडीगणिक बदलतो. साधारणपणे सीट, टाकीच्या बाजूची कव्हरं, मग साइड पॅनल, पोट आणि सगळ्यात शेवटी तोंड असा तो असतो. आरसे बऱ्याच गाड्यांवर तोंडातून आरपार जाऊन आतल्या सांगाड्याला धरलेले असतात, म्हणून तोंड काढण्याआधी आरसे काढावे लागतात. तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा सुट्या भागांची चित्रं मिळाली तर सगळ्यात उत्तम. त्या चित्रांत बहुधा प्रत्येक बोल्टचं माप दिलेलं असतं. ‘६×१६’ म्हणजे ६ मिमी जाडीचा, १६ मिमी लांबीचा. लांबी डोक्याखालून मोजायची. फक्त ज्याचं डोकं पॅनलच्या सपाटीत बुडतं, तो शंकूच्या आकाराचा स्क्रू डोक्यासकट मोजतात. तुमच्या तीन अनाथ बोल्टांचं घर शोधायला याहून सोपा मार्ग नाही.

आता तुटलेल्या कानाकडे येते. तुमचा हात जड आहे म्हणून तो तुटला असं समजू नका. पॅनल कशाने तरी धरलेलं होतं आणि ते तुम्हाला दिसलं नाही. फेअरिंग चार गोष्टींनी धरलेली असते. बोल्ट दिसतात. क्लिपा अर्धवट दिसतात. जीभ आणि खाच दिसत नाहीत. रबरात घुसलेली खुंटी तर अजिबात दिसत नाही, आणि टाकीजवळ बहुतेक तीच असते. जीभ बाहेर ओढून निघत नाही, पॅनल पुढे किंवा मागे सरकवल्यावर निघते. खुंटीचं उलटं. ती सरळ बाहेरच ओढायची, पण हात खुंटीच्या अगदी जवळ ठेवून. लांबून, पॅनलच्या टोकाला धरून ओढलं की खुंटीवर सरळ ताण न येता वाकडा येतो आणि ती मुळापासून जाते. माझ्या पहिल्या गाडीचा कान मी असाच तोडला होता. सगळे बोल्ट निघालेत या खात्रीने ओढत बसले, आणि एक स्क्रू रबराच्या फ्लॅपखाली शांतपणे बसलेला. तेव्हापासून एक नियम पाळते. पॅनल अडलं की दोन्ही हात काढून घ्यायचे, टॉर्च घ्यायचा आणि चारही कडा बोटाने चाचपायच्या. नव्वद टक्के पॅनल सैल आणि एकच कोपरा घट्ट असेल तर उत्तर त्या कोपऱ्यात असतं.

क्लिपांवर लोक उगाच चिडतात. गोल डोक्याच्या काळ्या प्लास्टिकच्या या क्लिपा मुख्यतः दोन जातींच्या असतात. एकीत मधली खुंटी बोटाने किंवा बोथट टोकाने आत दाबायची. ती दोन-तीन मिमी आत गेली, टक् वाजलं, की क्लिप सुटते. फार आत ढकलली तर खुंटी पलीकडे पडून हरवते. दुसरीत मधली खुंटी बाहेर उचकटायची. तिच्या कडेला नखाएवढी खाच असते. कुठली जात आहे ते न बघता पकडीने (प्लायरने) ओढलं की क्लिप मरते. परत लावताना पहिल्या जातीची खुंटी आधी मागून ढकलून डोक्याच्या वर काढा, पाकळ्या मिटल्यात ना ते बघा, क्लिप भोकात घाला आणि मग खुंटी सपाटीला येईपर्यंत दाबा. ‘क्लिपा परत बसतच नाहीत’ म्हणणारे बहुतेक जण ही पायरी गाळतात.

बोल्ट सोडवण्याआधी डोक्यातली माती टाचणीने काढा. अॅलन की पूर्ण आत बसली नाही की षटकोन गोल होतो आणि मग पुढचे दोन तास त्याच्यावर जातात. गोल टोकाची अॅलन की सैल झालेला बोल्ट फिरवायला छान, पण पहिला झटका द्यायला नको. जपानी गाडीवरच्या चौफुलीच्या स्क्रूंचं डोकं नीट बघा. चौफुलीशेजारी बारीक ठिपका असेल तर तो जपानी मापाचा आहे. नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, उसळून वर येतो आणि डोकं खातो. त्या मापाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो. स्क्रीनचे, म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेचे, बोल्ट नुसतेच गोल फिरत राहिले तर आतला रबरी नट सोबत फिरतोय असं समजा. स्क्रीन किंचित बाहेर ओढून धरली की रबर घट्ट पकडतं आणि बोल्ट सुटतो.

इंडिकेटरची वायर पॅनलला जोडलेली असते हे विसरू नका. शेवटचा बोल्ट काढायच्या आधी पॅनलखाली स्टूल ठेवा, म्हणजे ते वायरवर लटकणार नाही. कनेक्टर आधी किंचित आत ढकला, मग लॉक दाबा आणि मग ओढा. ओढायचं ते कनेक्टरचं अंग, वायर नव्हे.

उरलेल्या ‘नळीसारख्या’ वस्तूबद्दल थोडं लांबण लावते, कारण तिन्ही बोल्टांपेक्षा ती महत्त्वाची आहे. ते बुश, कॉलरही म्हणतात. एका टोकाला बहुधा बाहेर वळलेली कड असते. ते रबरी ग्रोमेटच्या आत बसतं, आणि ग्रोमेट पॅनलच्या भोकात. बोल्ट आवळला की त्याचं डोकं बुशवर टेकतं, बुश मागच्या धातूवर टेकतं आणि सगळा जोर धातूकडून धातूकडे जातो. पॅनल मध्ये रबरावर तरंगत राहतं. म्हणून तर इंजिनाची थरथर सोसूनही प्लास्टिक वर्षानुवर्षं टिकतं. बुश राहिलं की बोल्ट थेट प्लास्टिक चिरडतो. आज काहीच दिसणार नाही. काही महिन्यांत त्या भोकाभोवती चांदणीच्या आकारात बारीक भेगा दिसतील. तेव्हा ज्या भोकात रबर आहे पण रबरात धातू नाही, असं भोक शोधा. एकच असेल. काही बोल्टांना डोक्याखाली आट्यांशिवायची जाड पायरी असते. त्यांचं बुश जन्मजात अंगालाच जोडलेलं असतं, त्यांना वेगळं लागत नाही. तुमच्या तिघांत असा एखादा आहे का ते बघून ठेवा.

तुटलेला कान फेकला नाही ना? गाडीच्या पॅनलला सगळे ‘फायबर’ म्हणतात, पण मूळ कंपनीची पॅनल्स सहसा फायबरची नसतात, एबीएस प्लास्टिकची असतात. पॅनलच्या आतल्या बाजूला दोन टोकदार कंसांत प्लास्टिकचं नाव उठवलेलं असतं. एबीएस असेल तर नशीबवान आहात, कारण ते अॅसिटोनमध्ये विरघळतं. त्याच जातीच्या प्लास्टिकचे बारीक तुकडे झाकणाच्या काचेच्या बाटलीत थोड्या अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा, दाट रंगासारखा लगदा होतो. तुटलेल्या दोन्ही कडा सँडपेपरने खरवडा, लगदा लावून कान जागेवर धरा, आणि आतल्या बाजूने बारीक स्टीलच्या जाळीचा तुकडा लगद्यात बुडवून बसवा. इथे नुसता सांधा पुरत नाही, जाळी हवीच. किमान २४ तास हात लावू नका, दोन दिवस दिलेत तर आणखी चांगलं. सुपरग्लू मिनिटात चिकटतो खरा, पण वाळल्यावर काचेसारखा कडक होतो आणि थरथरीत सुटतो. खुणेत पीपी असेल तर हा खटाटोप करू नका. पॉलिप्रॉपिलीनवर अॅसिटोन चालत नाही आणि साधे गोंदही धरत नाहीत. अॅसिटोन चटकन पेट घेतं, त्याच्या वाफा डोकं फिरवतात, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास ज्योत नको. रंगाच्या बाजूला त्याचा थेंबही पडू देऊ नका, रंग जाईल.

पुन्हा बसवायला घ्याल तेव्हा आधी सगळ्या ग्रोमेटांना सिलिकॉन ग्रीसचा किंवा साबणाच्या पाण्याचा हात लावा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, काही रबरं त्याने फुगतात. पॅनल टेकवून जिभा खाचेत सरकवा, खुंटी रबरासमोर आणा आणि तळव्याने दाबा. मुठीने ठोकायचं नाही. आत गेल्याचा आवाज येतो आणि हाताला कळतं. मग प्रत्येक बोल्ट हाताच्या बोटांनी, पान्याशिवाय, दोन-तीन आटे लावा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका आहे. आधी उलटा फिरवा, आटा टक् करून जागेवर पडल्याचं जाणवलं की सुलटा घ्या. प्लास्टिकात थेट जाणाऱ्या स्क्रूंना तर ही युक्ती लागतेच, नाहीतर दर वेळी ते नवे आटे कापतात आणि दोन-चार उघडझापींत भोक सैल होतं.

सगळी पॅनल्स, सगळे बोल्ट, सगळे असेच लोंबकळत लागले पाहिजेत. पुठ्ठा रिकामा होईपर्यंत एकही आवळायचा नाही. पुठ्ठ्यावर काही उरलं तर इथेच थांबा आणि ते आत्ताच लावा. मग मागे सरून फटी बघा. डावी-उजवी सारखी दिसतेय का? नसेल तर सैल असतानाच हाताने सरकवा. तुमची करंगळीएवढी फट बोल्टने मिटणारी नाही. तिथली जीभ खाचेच्या बाहेर, मागे किंवा वर बसलेली आहे. दोन्ही पॅनलच्या कडांना मास्किंग टेप लावून ती आत घ्या म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही. फटी जुळल्या की मधल्या बोल्टांपासून कडांकडे, थोडा थोडा, दोन फेऱ्यांत आवळा. धातूत जाणाऱ्या ६ मिमीच्या बोल्टला सर्वसाधारणपणे १० न्यूटन मीटरच्या आसपास जोर सांगतात. पॅनलवरच्या ५ मिमीच्या आणि स्क्रीनच्या बोल्टांना त्याहून बराच कमी. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल तर अॅलन कीची लांब बाजू बोल्टमध्ये घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा. बोटं दमली की पुरे.

इंडिकेटरचं निदान सोपं आहे. साध्या बल्बच्या गाड्यांत एका बाजूचा एक बल्ब वीज घेईनासा झाला की फ्लॅशर भराभर चालायला लागतो. म्हणजे तुमचा उजवा पुढचा इंडिकेटर लागतच नसणार, मागचा एकटाच धावतोय. कनेक्टर राहिला असेल किंवा अर्धा बसला असेल. पॅनल बंद करण्याआधी चावी लावून सगळे दिवे, हॉर्न आणि दोन्ही इंडिकेटर तपासायचे, हे त्यासाठीच.

झर्रर्र आवाज तीन बोल्टांनी आणि एका बुशने बहुतेक जाईल. गेला नाही तर गाडी उभी ठेवून एकाने आरपीएम हळूहळू पाच हजारांपर्यंत न्यावा आणि दुसऱ्याने एकेक पॅनल तळव्याने दाबून बघावं. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो ती जागा. सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. दोन कडा एकमेकींवर घासत असतील तर आतून पातळ फोमची टेप चिकटवा.

मित्राला माझा नमस्कार सांगा आणि त्याचं काही ऐकू नका. थ्रेडलॉकर धातूच्या आट्यांसाठी असतं. ते ओघळून एबीएसला लागलं, आणि प्लास्टिक बोल्टच्या ताणाखाली असलं, की तिथे भेगा पडतात. फेअरिंगच्या बोल्टांना ते बहुतेक कुठेच लागत नाही. ब्रेक ऑइलचंही तसंच आहे, ते रंग उतरवतं, म्हणून पॅनल मांडलेल्या चादरीजवळ ती बाटली नको. आणि फटीत सिलिकॉन? पुढच्या वेळी पॅनल काढताना दोन्ही कडा सोबत येतील, आणि कधी रंग द्यायची वेळ आली तर सिलिकॉनच्या राहिलेल्या थरावर रंग धरणार नाही, त्यात बारीक गोल खळगे पडतील.

फेअरिंग काढूनच चालवायचं म्हणताय. एक-दोन दिवस, दिवे शाबूत असतील आणि वायरी नीट बांधलेल्या असतील, तर आभाळ कोसळणार नाही. पण कायमचं नको. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि तो सगळा तुमच्या छातीवर येतो. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस बाजारात आणली, तिची पूर्ण फेअरिंग हवेच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) तपासून घडवलेली होती. लांबच्या प्रवासात स्वाराने थकू नये, हा तिचा उघड हेतू होता. शिवाय तुमच्या गाडीत रेडिएटरची हवा कुठून आत यावी आणि तापून कुठून बाहेर जावी, हेही ती पॅनल्सच ठरवतात. फेअरिंगचा अतिरेकही होऊन गेलाय, तोही सांगते. १९५०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना पुढचं चाकसुद्धा झाकणारी, पिंपासारखी फेअरिंग असायची. आडव्या वाऱ्यात त्या गाड्या सावरत नसत. १९५७चा हंगाम संपल्यावर आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने तशा फेअरिंगवर बंदी घातली.

वडिलांचं म्हणणं मी सरसकट उडवणार नाही. हँडलचं अडणं शोधूनही सापडलं नाही, किंवा गाडी कधी पडली असेल आणि मीटरमागचा सांगाडाच वाकलेला दिसला, तर मेकॅनिककडेच न्या. वाकलेल्या सांगाड्यावर कुठलंही पॅनल जुळत नाही, तुम्ही कितीही क्रमाने बोल्ट लावा. धातूतले आटे गेले असतील तरी तेच. बाकी सगळं तुमच्या हातचं आहे. तोंड काढायची वेळ आली तर त्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइटच्या झोताची वरची कड टेपने भिंतीवर आखून ठेवा. बसवल्यावर त्याच जागी उभी करून ताडून बघता येईल.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळ्या बोल्टांवरून एकदा अॅलन की फिरवा. रबर नव्याने बसतं, एखाद-दुसरा सैल सापडतो. आणि एवढं करूनही पुठ्ठ्यावर एखादा बोल्ट उरलाच, तर त्याची जाडी, डोक्याखालची लांबी आणि डोक्याखाली पायरी आहे की नाही, एवढं लिहून मला कळवा.